जळवांच्या नावाखाली तळ्यात मोरचूद

बागेतल्या तळ्यातले मासे एकाएकी मरायला लागले की माणूस हवालदिल होतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी जळू दाखवून औषध विकून जातं. आमच्याकडे असंच झालं. आणखी कुणाचे मासे असे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

तळ्यात कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश होते. कडक उन्हाळा, शेवाळानं पाणी हिरवंगार, तळाशी पानांचा गाळ. एका सकाळी सगळ्यात मोठे कोई मरून तरंगताना दिसले. अंगावर ना जखम, ना डाग. लहान मासे मात्र जिवंत होते, पंपाचं पाणी पडतं तिथे गर्दी करून तोंडं वर काढत होते. मेलेल्या एका कोईच्या कल्ल्याजवळ दोन-तीन जळवा चिकटलेल्या होत्या.

तळ्यांची देखभाल करणारा म्हणून जो माणूस आला, तो दुपारी आला. त्यानं काठावरचा एक दगड उलटा केला, खालची जळू दोन बोटांनी ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. ती त्याच्या अंगठ्यावर आखडत-ताणत होती. "ताई, हा बघा तुमचा चोर. रक्त पिऊन मारलेत सगळे." पाणी तपासलं नाही, फिल्टर कधी धुतला विचारलं नाही, मेलेल्या माशाचे कल्ले उघडून पाहिले नाहीत. तळ्याची लांबी, रुंदी, खोलीही मोजली नाही. पाणी किती आहे हेच ठाऊक नसताना औषधाचं प्रमाण ठरवणार कसं? त्यानं लेबल नसलेल्या कॅनमधलं गडद निळं पाणी मगानं सगळीकडे ओतलं. नाव विचारलं तर म्हणाला, "आमचा खास फॉर्म्युला आहे." पैसे आगाऊ घेतले, वर दर महिन्याच्या देखभालीचेही.

पुढचे काही दिवस तळं काचेसारखं नितळ झालं. तो फोटो काढून घेऊन गेला. तेवढ्यात पाणगोगलगायी एकेक करून मेल्या आणि मग पुन्हा पहाटेच मासे गेले, या वेळी लहानसुद्धा. त्याचं उत्तर तयार होतं: जळवांची अंडी राहिलीत, दुप्पट डोस द्यावा लागेल, आणि नंतर नवे 'रोगमुक्त' मासे तोच देईल. तिथे मी त्याला थांबवलं.

मत्स्यविज्ञान शिकलेल्या एका ओळखीच्या मुलीला बोलावलं. ती मीटर घेऊन उजाडायच्या आत आली. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास होता. एवढ्यात मोठा मासा तग धरत नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तो वापरतं, त्यामुळे पहाटे पातळी सगळ्यात खाली जाते. त्यात पाणी तापलं की मुळातच कमी मावतो: 20 अंशांना लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. मोठे मासे आधी, रात्रीतून, जखमेशिवाय मेले आणि उरलेले तोंड वर काढत असले, तर पहिला संशय प्राणवायूवर घ्यायचा. आमच्याकडे ही सगळी लक्षणं पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होती. दुपारी आलेल्या माणसाला ती दिसणार नव्हती, आणि बघायचीही नव्हती.

जळवांचं म्हणाल, तर बागेतल्या तळ्यात सापडणाऱ्या बहुतेक जळवा माशांच्या वाटेला जात नाहीत. त्या गोगलगायी, किडे, गांडुळं खातात, मेलेल्या माशावरही चढतात. तळाशी प्राणवायू कमी झाला की वर काठाकडे येतात, म्हणून ऐन संकटातच नजरेला पडतात. माशांचं रक्त पिणारी जळू वेगळी: बारीक, काडीसारखी गोल, दोन्ही टोकांना चूषक. ती जिवंत माशावर चिकटलेली दिसते आणि तिथे लाल व्रण राहतो. फार झाल्या तर मासे अशक्त होतात, पण मोठे कोई एका रात्रीत आडवे पाडणं हे तिचं काम नाही.

निळ्या पाण्याचा छडा घरीच लागला. त्याच्या कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवला. थोड्या वेळानं खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढला. साधा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट! त्यानं शेवाळ मरतं, गोगलगायी मरतात, आणि मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद) लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर तांबं माशांनाही थेट घातक ठरतं. आमचं पाणी तपासलं तेव्हा क्षारता त्याहून कमी निघाली. जळवांची दगडांना आणि झाडांना चिकटलेली कोषातली अंडी मात्र अशा औषधांतूनही वाचू शकतात. म्हणजे हा धंदा दर महिन्याला चालू राहणार होता.

आम्ही रोज थोडं थोडं पाणी बदललं, क्लोरीन घालवूनच नवं भरलं, गाळ उपसला, एअर पंप रात्रभर चालू ठेवला आणि खाणं बंद केलं. उरलेले मासे वाचले. जळवांसाठी बारीक भोकांच्या डब्यात मांसाचा तुकडा घालून रात्री बुडवून ठेवतो, सकाळी डबा उचलतो. बऱ्याच आत गेलेल्या असतात.

तुमच्याकडे कुणी आलं तर औषधातला घटक, प्रमाण आणि तळ्यातलं पाणी किती धरलं, हे ओतण्याआधी लिहून मागा. अमोनिया, नायट्राइट, पीएच, क्षारता यांची तपासणी समोर करायला लावा. प्राणवायू पहाटेच मोजायला सांगा. ताजा मेलेला मासा फेकू नका, तपासणीला द्यायचा असेल तर फ्रीजमध्ये थंड ठेवा, पण गोठवू नका. आणि ओतून झालेलं असेल तर बाटली, उरलेलं औषध, पावती आणि त्याचे मेसेज जपून ठेवा. मी त्याच्याकडे घटकाचं नाव लेखी मागितलं, त्या दिवसापासून त्यानं फोन उचललेला नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत, खिळा आणि कॅन मात्र मी तक्रारीसाठी वेगळे काढून ठेवलेत.