ख्रिस्ती सस्पेन्स-रोमान्स कादंबऱ्या : अनेक महिन्यांच्या वाचनानंतर

ई-पुस्तकांच्या मासिक वर्गणीतून गेले अनेक महिने ख्रिस्ती सस्पेन्स आणि रोमान्स कादंबऱ्या वाचल्यानंतर, आणि ती वर्गणी चालवणाऱ्या कंपनीशी मध्यंतरी चांगलेच वाजल्यानंतर, या प्रकाराविषयी माझी एक तक्रार पक्की झाली आहे. ही तक्रार धर्माबद्दल नाही, मोबाइलच्या रेंजबद्दल आहे. नायिका डोंगरातल्या लाकडी केबिनमध्ये अडकलेली असते, बाहेर हिमवादळ असते, मारेकऱ्याच्या गाडीचे दिवे झाडांमधून दिसू लागलेले असतात आणि फोनला रेंज नसते. ती डोळे मिटून एका वाक्याची प्रार्थना करते, डोळे उघडते, आणि फोनच्या कोपऱ्यात रेंजची एक दांडी उगवलेली असते. हा प्रसंग निरनिराळ्या लेखिकांच्या पुस्तकांत, कधी केबिनऐवजी तळघर तर कधी हिमवादळाऐवजी पूर असा किरकोळ बदल करून, इतक्यांदा समोर आला की नायिकेने डोळे मिटले की माझी नजर आपोआप तिच्या फोनकडे जाऊ लागली.

या कादंबऱ्यांचे ठरलेले नियम वाचकांना ठाऊक असतीलच: शिव्या नाहीत, शयनगृहाचे दार वाचकासाठी बंद, मारेकरी पकडला जाणार, दोघांचे जमणार आणि ज्याचा देवावरचा विश्वास उडाला आहे तो पुन्हा प्रार्थनेकडे वळणार. शेवट आधीच कळला म्हणून मी कधी नाराज झालो नाही, कारण लोकप्रिय प्रकारच्या कोणत्याही कादंबरीत वाचकाशी असा एक करार असतोच. मात्र हा करार पाळण्यासाठी लेखकाच्या हाती जागा किती आहे, यावर बरेच काही ठरते. हार्लेक्विन या रोमान्स कादंबऱ्यांच्या प्रकाशन संस्थेने १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका सुरू केली आणि २००५ मध्ये तिची सस्पेन्स शाखा काढली. या शाखेतले पुस्तक साधारण ५५,००० शब्दांत संपते. तेवढ्यात पहिल्याच पानावर हल्ला व्हायचा असतो, दर दोन-तीन प्रकरणांनी नायिकेचा जीव पुन्हा धोक्यात यायचा असतो, प्रेम जमायचे असते आणि वर श्रद्धेचा प्रवासही पूर्ण व्हायचा असतो. इतक्या घाईत प्रार्थनेला वाट पाहायला लावणे लेखिकेला परवडत नाही आणि मग रेंज येते. बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल किंवा थॉमस नेल्सन यांसारख्या प्रकाशकांकडून येणाऱ्या मोठ्या कादंबऱ्यांत हा प्रकार कमी आढळतो. वर्गणीच्या पहिल्या काळात पैसे वसूल करण्याच्या नादात मी छोटी पुस्तके भराभर संपवत होतो, त्यामुळे हा फरक लक्षात यायला वेळ लागला.

पोलिसी तपशिलाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो सोयीपुरताच असतो. अमेरिकेतील साक्षीदार संरक्षण व्यवस्था १९७० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून उभी राहिली आणि साक्षीदाराने जुन्या आयुष्याशी संबंध तोडावेत ही तिच्यातील मुख्य अट आहे. या कादंबऱ्यांतला मार्शल, म्हणजे साक्षीदाराला सांभाळणारा सरकारी अधिकारी, मात्र साक्षीदार तरुणीला सरळ आपल्या आईवडिलांच्या रँचवर नेऊन ठेवतो, तिथे सगळे मिळून जेवायला बसतात आणि रविवारी तिला घेऊन चर्चलाही जातात. मारेकऱ्याला पत्ता सापडला याचे आश्चर्य फक्त मार्शललाच वाटते. खलनायक ओळखणेही फारसे अवघड नसते. चर्चमध्ये सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारा, नायिकेच्या दिवंगत नवऱ्याचा भागीदार असलेला गृहस्थ पुस्तकात दिसला की अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेला कोणताही मराठी वाचक त्याच्या नावाखाली रेघ मारून मोकळा होईल. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, याचे कारण रोमान्समध्ये आहे, आणि तिथेच माझे मत बदलले.

शयनगृहाचे दार बंद असल्यावर प्रेमकथा अळणी होणार, असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो. पुष्कळ पुस्तके वाचल्यावर उलट दिसले. पहिले चुंबन शेवटच्या चार प्रकरणांत येणार असेल तर त्याआधीच्या बारीकसारीक गोष्टींना वजन येते. एका पुस्तकातला डेप्युटी शेरीफ नायिकेच्या घरातील खिडक्यांच्या कड्या रात्री तपासतो, निघताना स्वयंपाकघराची कडी दुसऱ्यांदा तपासतो, आणि ती मात्र दारात उभी राहून त्याने आणखी एखादी खिडकी शोधून काढावी याची वाट पाहत असते. दोघांपैकी कोणीही कोणाला स्पर्श करत नाही. उघड्यावाघड्या वर्णनांच्या प्रेमकथांत इतके तापलेले पान मला क्वचितच सापडले आहे.

दुसरी गोष्ट अडथळ्याची. आजच्या पुष्कळशा सर्वसाधारण प्रेमकथांत दोघांना दूर ठेवणारा गैरसमज एका सरळ प्रश्नाने मिटण्यासारखा असतो आणि तो प्रश्न अडीचशे पाने कोणी विचारत नाही. इथे अडथळा खरा असतो. विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जोडून विजोड होऊ नका, असे बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे आणि या कादंबऱ्यांतली श्रद्धाळू पात्रे ते शब्दशः पाळतात. डी हेन्डरसन यांच्या ओमॅली मालिकेतील 'द निगोशिएटर' या २००० साली आलेल्या कादंबरीत ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारी केट आणि एफबीआयचा अधिकारी डेव्ह एकमेकांकडे ओढले जातात. तो ख्रिस्ती श्रद्धेचा आहे, ती नाही, आणि म्हणून तो स्वतःला आवरतो. पाठलाग, बॉम्ब वगैरे सगळे असूनही खरा ताण या आवरण्यात आहे. यात एक धोकाही आहे. श्रद्धा ही लग्नाची पूर्वअट झाली की नायिकेने देवाला स्वीकारले की त्या देखण्या अधिकाऱ्याला, असा संशय वाचकाला येतो. दुबळ्या लेखिका हा संशय दूर करण्याची तसदीच घेत नाहीत. ओमॅली मालिकेत मात्र सात अनाथ भावंडांपैकी सर्वांत धाकट्या बहिणीला कर्करोग झाल्याचे सुरुवातीलाच कळते, आणि तो आजार पुढच्या पुस्तकांतून सोबत येत राहतो. देवाविषयीचे प्रश्न प्रेमातून न येता त्या आजारातून येतात आणि एका प्रार्थनेने ते मिटतही नाहीत.

इथे मला पुन्हा रेंजकडे यावे लागते, कारण ओमॅली मालिकेनंतर छोटी पुस्तके वाचताना ती दांडी अधिकच खुपू लागली. या नायिकांचे आवडते वचन म्हणजे बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते कधी भिंतीवरच्या चौकटीत असते, कधी आजीने दिलेल्या बायबलात अधोरेखित केलेले असते, आणि ऐन संकटात नायिकेला तेच आठवते. मात्र हा अध्याय बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान असलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्राचा आहे आणि अकराव्याच्या अगदी आधीचे दहावे वचन सांगते की सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर देव त्यांना परत आणील. पत्राच्या आरंभी तर त्या लोकांना घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा असे सांगितले आहे. म्हणजे तिथेच मुक्काम करायचा आहे. ज्या वचनाचे उत्तर सत्तर वर्षांनी मिळणार होते, त्याच्या जोरावर पुढच्या परिच्छेदात फोन लागतो, ही गोष्ट माझ्या पचनी पडत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो आणि तो टळत नाही; प्रेषित पौल शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवतो आणि तो काटा जात नाही; अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. धर्मग्रंथात इतके जबर सस्पेन्स असताना ते बाजूला ठेवून मोबाइल कंपनीचा मनोरा कशाला मदतीला घ्यावा? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आठवणारी नायिका मला एकदाही भेटली नाही आणि तिची मी अजून वाट पाहतो आहे.

हा प्रकार पहिल्यापासून असा नव्हता. जॅनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' या १९७९ च्या कादंबरीत नायिकेचा नवरा पश्चिमेकडच्या प्रवासात सुरुवातीलाच मरतो, निवाऱ्यासाठी तिला एका विधुराशी लग्न करावे लागते, आणि प्रेम व श्रद्धा दोन्ही घरकामाच्या गतीने, ऋतूंच्या मागून येतात. फ्रान्सिन रिव्हर्स यांनी 'रिडीमिंग लव्ह' (१९९१) मध्ये बायबलमधील होशेयाची, म्हणजे सोडून जाणाऱ्या बायकोला पुन्हा घरी आणणाऱ्या संदेष्ट्याची, कथा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या धावपळीच्या काळात नेली. तिथला नवरा प्रार्थना करत राहतो आणि बायको घर सोडून जात राहते. उत्तर लगेच मिळण्याची सवय फ्रँक पेरेटी यांच्या 'धिस प्रेझेंट डार्कनेस' (१९८६) पासून लागली असावी, असा माझा तर्क आहे. त्यात गावातील श्रद्धाळूंच्या प्रार्थनेतून देवदूतांना बळ मिळते. पण तिथे देवदूत आणि सैतानी फौजा उघडपणे पानावर लढत असतात, त्यामुळे खेळाचे नियम वाचकाला आधीपासून माहीत असतात. एफबीआय, न्यायवैद्यक अहवाल आणि फोन रेकॉर्डच्या जगात तोच नियम गुपचूप लागू करणे म्हणजे पत्ते वाटून झाल्यावर हुकूम ठरवणे होय. उपदेशाचे मला वावडे नाही. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन'पासून मराठी वाचकाला ख्रिस्ती उपदेश करणारी कादंबरी ठाऊक आहे, आणि ती आपला हेतू उघडपणे सांगते, घाईच्या प्रसंगात लपवून ठेवत नाही.

आमिश, म्हणजे आधुनिक साधनांपासून दूर राहणाऱ्या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाच्या, पार्श्वभूमीच्या कादंबऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुखपृष्ठावर टोपी घातलेली तरुणी, मागे शेत, आत त्याच दोन-तीन कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या. आमिश सस्पेन्सने मात्र मला अनपेक्षित आनंद दिला. अनेक आमिश वस्त्यांमध्ये घरात फोन चालत नाही, पण रस्त्याच्या कडेला काही कुटुंबांच्या सामाईक वापरासाठी फोनची छोटी खोपटी असते. अशा एका कादंबरीतली नायिका प्रार्थना करते आणि मग अनवाणी, मक्याच्या शेतातून, त्या खोपटीपर्यंत धावत सुटते. रेंज येण्याचा प्रश्नच नाही. पाय तिचे, दम तिचा, आणि खोपटीत कोणी आधीच उभे आहे की काय ही भीती वाचकाची. बाकी पुस्तक सामान्य होते, पण त्या चार पानांसाठी मी त्याला एक तारा जास्त दिला.

आता वर्गणीच्या भांडणाविषयी. या कादंबऱ्या बहुधा तीन किंवा चारच्या मालिकेत येतात. प्रत्येक भागात एका जोडप्याचे जमते, पण सर्वांना बांधणारे रहस्य शेवटच्या भागात सुटते, म्हणून पहिला भाग फुकट किंवा जवळजवळ फुकट ठेवून वाचकाला ओढण्याची पद्धत आहे. मी वाचत होतो त्या त्रयीत तिघी बहिणींच्या वडिलांचा खून कोणी केला हे तिसऱ्या भागात कळणार होते, आणि तो अर्ध्यावर आलेला असताना वर्गणीतून काढून टाकण्यात आला. ग्राहक सेवेने आधी ॲप पुन्हा बसवायला सांगितले, मग प्रकाशकाशी असलेला करार संपल्याचे सांगितले आणि शेवटी अर्धे वाचलेले पुस्तक विकत घेण्याचा दुवा पाठवला, तोही पूर्ण किमतीचा. वर्गणीत पुस्तके येतात-जातात हे अटींमध्ये लिहिलेले असते, हे मला मान्य आहे. पण एखादा वाचक पुस्तकाच्या मध्यावर आहे हे ज्या यंत्रणेला पानाच्या क्रमांकासकट कळते, तिने आठवडाभर आधी सूचना द्यायला हवी होती. भरपाई म्हणून एक महिना फुकट मिळाला. तो मी शेवटच्या दिवसापर्यंत वापरला आणि मगच वर्गणी बंद केली.

तिसरा भाग मी जुन्या पुस्तकांतून छापील घेतला. तो ई-पुस्तकाच्या निम्म्या किमतीत मिळाला आणि कोणी तो हातातून काढून घेऊ शकत नाही. खुनी तोच निघाला ज्याच्यावर मला पहिल्या भागापासून संशय होता. लग्न कोणाशी होणार हेही मुखपृष्ठावरून कळले होते, आणि एकदा रेंजही आली. परंतु त्या खुन्याला तुरुंगात भेटायला गेल्यावर धाकटी बहीण त्याला क्षमा करणार की नाही, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत मला ओळखता आले नाही. ती काचेपलीकडे बसते, फोन कानाला लावते आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. पुस्तकाचे पैसे तिथे वसूल झाले.