कोल्हापूरची घरगुती पर्शियन कॅटरी : आधी रिपोर्ट, मग पिल्लू

मी मिरजेत डायलिसिस टेक्निशियन आहे. त्यामुळे घरात पर्शियन मांजर आणायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना पहिला प्रश्न विचारला तो किडनीचा. बहुतेक विक्रेते "डॉल फेस (थोडं लांब नाक) हवा की पंच फेस (बसकं नाक)?" इथून सुरू व्हायचे आणि "ट्रिपल कोट आहे", म्हणजे केस खूप दाट आहेत, इथे थांबायचे. रिपोर्ट मागितला की "आमची मांजरं हेल्दीच असतात ताई." कोल्हापुरात घरीच पर्शियन मांजरांची कॅटरी, म्हणजे पैदास, चालवणाऱ्या या काकींनी मात्र मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "आई-बाप दोघंही पीकेडी निगेटिव्ह आहेत. येऊन कागद बघा, मग पुढचं बोलू." कॅटरीचं नाव त्यांच्या विनंतीवरून लिहीत नाही. वर्षाला दोन-तीनच वेतं होतात आणि यादी आधीच लांबलेली आहे.

पीकेडी म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. तो माणसांतही असतो. आमच्या मशीनवर आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांत असे पेशंट असतात, आणि विचारलं तर घरात वडील, आत्या, कुणाला तरी तो होऊन गेलेला असतो. पर्शियनमध्येही दोष त्याच पीकेडी-१ नावाच्या जनुकात आहे. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. गाठी जन्मतःच असतात, पण बारीक. मांजर पाच-सात वर्षांचं होईपर्यंत बाहेरून बहुधा काही कळत नाही, आणि तोवर तिची कितीतरी पिल्लं विकून झालेली असतात. चाचणी येण्याआधीच्या पाहण्यांत पर्शियनांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मांजरांत हा आजार सापडत होता. २००४ साली जनुकातला नेमका बदल सापडला. तेव्हापासून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना प्रयोगशाळेत पाठवला की उत्तर मिळतं. एवढी सोपी चाचणी असताना ती न करता मांजरं जुळवणं मला अक्षम्य वाटतं. मांजराला आपल्यासारखं वर्षानुवर्षं मशीनवर ठेवता येत नाही.

काकींकडे एक फाइल आहे, प्लास्टिकच्या कप्प्यांची, आपण मुलांच्या मार्कशीट ठेवतो तशी. प्रत्येक मांजराचा कप्पा वेगळा: वंशावळ, मायक्रोचिपचा नंबर, पीकेडीचा रिपोर्ट, एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या विषाणूंच्या आजारांची तपासणी, लसीकरण, शिवाय रक्तगट. रक्तगट बघून मी खरंच सुखावले. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे गट असतात. बी गटाच्या मादीच्या रक्तात ए गटाविरुद्धच्या तीव्र अँटिबॉडी आपोआपच तयार झालेल्या असतात आणि त्या पहिल्या चिकातून पिल्लांत उतरतात. बाप ए गटाचा असेल तर धडधाकट जन्मलेली पिल्लं दोन दिवसांत मान टाकतात. लोक मग नजर लागली म्हणतात. काकींची एक मादी बी गटाची आहे. तिची ए गटाची पिल्लं पहिला दिवसभर आईपासून वेगळी ठेवून बाटलीवर वाढवतात, आतडी अँटिबॉडी शोषून घ्यायची बंद झाली की परत आईकडे.

जागा म्हणजे राहतं घरच. दोन बोके, पाच माद्या. बोके मागच्या दोन खोल्यांत, एकमेकांना न दिसतील असे, कारण नर भिंतीवर लघवीचा फवारा मारतात. वास येतो. सकाळ-संध्याकाळ फरशी पुसूनही त्या बाजूला येतोच, नाक नाजूक असेल तर पुढच्या खोलीतच बसा. माद्या आणि पिल्लं मात्र घरभर. बाळंतिणीचं खोकं काकींच्या पलंगाशेजारी असतं. पर्शियनच्या पिल्लांची डोकी मोठी, त्यामुळे अडायची भीती असते. दिवस भरत आले, म्हणजे साधारण त्रेसष्ट-पासष्ट, की काका रात्री गाडी बाहेर काढत नाहीत, डॉक्टरांकडे न्यायला ती दारात लागते. पिल्लांचं वजन रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतं आणि वहीत चढतं. लोण्या, म्हणजे मी इथून घेतलेलं पिल्लू, त्याचं पान मी फोटो काढून आणलंय: जन्मतः ९२ ग्रॅम, मग रोज दहा-बारा ग्रॅमची चढण, एका दिवशी फक्त ३, त्यापुढे काकींच्या अक्षरात "वरचं दूध दिलं". कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, शेजारच्यांचा नातू, हे सगळं त्या पिल्लांनी आठ आठवड्यांच्या आतच पचवलेलं असतं. लोण्या आमच्याकडे आला त्या रात्री गल्लीत वरात होती. तो खुर्चीखाली झोपला.

पिल्लू तेरा आठवड्यांच्या आधी देत नाहीत. यावर कितीही गळ घाला. तोपर्यंत ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचे दोन डोस होतात, रेबीजची लस होते आणि मातीत जायची सवय पक्की असते. माझ्या मावसबहिणीने दुसरीकडून सहा आठवड्यांचं पिल्लू घेतलं होतं. आठवड्यात त्याच्या कानामागे गजकर्णाचे चट्टे उठले, मग तिच्या मुलीच्या हातावर. दाट केसांत ही बुरशी लपून राहते, पर्शियनमध्ये तर फारच. काकी पिल्लू देण्याआधी केसांचा कल्चर (बुरशी आहे का बघायची चाचणी) करून घेतात आणि तो कागदही हातात देतात.

पैशांचं सांगते. मी ४५,००० दिले. बाजारात पर्शियन म्हणून मिळणारं पिल्लू याच्या पाव किमतीत येतं हे मला माहीत आहे. करारात लिहिलंय की पिल्लू पाळण्यासाठी आहे, नसबंदी करायची, आणि तिचं सर्टिफिकेट दाखवल्यावरच वंशावळीचा मूळ कागद मिळेल. सांभाळता आलं नाही तर परत त्यांच्याकडेच द्यायचं, दुसऱ्याला विकायचं नाही. माझ्या नवऱ्याला ही अट जाचक वाटली. मला ती या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात चांगली ओळ वाटते. एसटीच्या ड्रायव्हरकडे किंवा पार्सलने मांजर पाठवत नाहीत. स्वतः जावं लागतं आणि ते योग्यच आहे.

चेहऱ्याबद्दल काकींचं आणि माझं एकमत आहे. त्यांच्या मांजरांची नाकं बसकी आहेत, पण नाकपुड्या उघड्या आणि श्वास मोकळा. ब्रिटनच्या जीसीसीएफ या मांजरांच्या संस्थेच्या नियमात नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेच्या वर जाता कामा नये. काकी जोडी लावताना तेच मोजतात. "एक्स्ट्रीम पंच" शोधणाऱ्यांना त्या सरळ नाही म्हणतात, आणि स्कॉटिश फोल्ड ही दुमडल्या कानांची जात का ठेवत नाही विचारलं तर तो दुमडलेला कान म्हणजे सगळ्या सांध्यांच्या कूर्चेतला दोष आहे, हे बसवून समजावतात. तरीही बसकं नाक ते बसकंच. मिरजेच्या एप्रिल-मे मध्ये दुपारी लोण्याला एसी किंवा कूलर लागतो, डोळ्यांच्या कडा रोज ओल्या कापसाने पुसाव्या लागतात, आणि स्टीलचा कंगवा रोज. दोन दिवस चुकले की काखेत गुंते. हे काकींनी आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी सांगितलं होतं.

आता मांजरांचे शो. काकी वर्ल्ड कॅट फेडरेशनशी जोडलेल्या फिलाइन क्लब ऑफ इंडियाच्या शोंना मांजरं नेतात, आणि पिल्लू घेणाऱ्याला हवं असेल तर शिकवतात. सहा ते दहा महिन्यांच्या गटात लोण्याला पुण्यात नेलं. शोची तयारी बघूनच काकींचा अभ्यास कळतो: आधी तेलकटपणा काढणारी आंघोळ, मग शाम्पू, मग ड्रायरखाली एकेक बट सरळ करत दीड तास, नखं कापलेली, पावडर लावलीच तर शेवटचा कणही झटकलेला. दाराशी डॉक्टर कान, त्वचा, पिसवा आणि लसीचं कार्ड तपासतात. पिंजऱ्याला पडदे आपण शिवून न्यायचे. स्टुअर्ड, म्हणजे शोमधला मदतनीस, मांजर परीक्षकाच्या टेबलावर नेतो, परीक्षक त्याला उचलतात, बाजूने चेहरा बघतात, केसांतून उलटा हात फिरवतात, शेपटी मणक्यापर्यंत चाचपतात आणि लेखी शेरा देतात. लोण्याला कान आणि केसांसाठी छान गुण मिळाले, "हनुवटी किंचित कमजोर" असंही लिहिलं. काकी लगेच म्हणाल्या, "आजीची हनुवटी आहे ती, पुढच्या जोडीत सुधारायची." शो त्यांच्यासाठी कपाटातल्या कपांपुरता नाही हे तिथे दिसलं. परक्या जाणत्या माणसाने आपल्या मांजरातली उणीव दाखवावी आणि ती पुढच्या वेतात भरून काढावी, यासाठी त्या एवढा खर्च करतात. नसबंदी केलेल्या मांजरांचा गट वेगळा असतो, त्यांना चॅम्पियनऐवजी प्रीमिऑरचा किताब मिळतो, त्यामुळे पाळीव म्हणून घेतलेल्यालाही दार बंद नाही.

तक्रारी दोन. शोच्या आंघोळीचे आणि तयारीचे २,५०० वेगळे आहेत हे मला शोच्या आदल्या आठवड्यात कळलं. दर आधीच्या कागदावर असायला हवा. दुसरी तक्रार मोठी आहे: हृदयाची तपासणी होत नाही. मेन कून आणि रॅगडॉल या जातींसाठी हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराची जनुकीय चाचणी आहे, पर्शियनसाठी तशी नाही, आणि आजार मात्र त्यांच्यातही आढळतो. म्हणजे वीण घेणाऱ्या मांजरांचा ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करणं हाच मार्ग. काकींचं म्हणणं, त्यासाठी पुण्याला न्यावं लागतं, प्रवासात माद्या खाणं सोडतात. अडचण खरी आहे. पण किडनीसाठी जी काटेकोर शिस्त त्यांनी लावून घेतली, तीच हृदयालाही लावावी असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आणि दोन्ही बोक्यांपासून सुरुवात करू असं त्या म्हणाल्यात.

जायचं असेल तर रविवारी सकाळी, फोन करून. व्हॉट्सअॅपवर उत्तर येत नाही. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या मांजरांना हात लावून जाऊ नका, दारात चप्पल काढून हात धुवावे लागतात. रंग निवडायला मिळेलच असं नाही; मला निळा हवा होता, क्रीम मिळाला. फाइल मागावी लागत नाही, त्या स्वतः उघडतात. माझ्या मावसबहिणीचं नाव दिवाळीनंतरच्या वेताच्या यादीत चौथं आहे, आणि बापाचा इको झाल्यावरच आगाऊ रक्कम भरायची असं तिचं काकींशी ठरलंय.