बहात्तर चौकटींचा कॅमेरा : ऑलिंपस पेन एस घेऊन सुओ-ओशिमा बेटावर

मियामोतो त्सुनेइची (१९०७–१९८१) या जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने आयुष्यभर खेडी पायी पालथी घातली आणि सुमारे एक लाख छायाचित्रे मागे ठेवली. १९६०च्या दशकातील त्यांच्या भटकंतीत ऑलिंपस पेन एस हा लहानसा कॅमेरा बरोबर असे. त्याच मॉडेलचा एक कॅमेरा मी गेल्या हिवाळ्यात हिरोशिमातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून तेरा हजार येनांना घेतला आणि तो घेऊन मियामोतो यांच्या जन्मगावी, यामागुची प्रांतातल्या सुओ-ओशिमा बेटावर, चार वेळा जाऊन आलो. आतापर्यंत सात रोल संपले, म्हणजे पाचशेच्या वर चौकटी झाल्या. कॅमेऱ्याबद्दल काही ठामपणे लिहायला एवढा वापर पुरेसा आहे असे वाटते.

पेन हा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा आहे. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका छायाचित्राला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत तो दोन काढतो, त्यामुळे ३६ चौकटींच्या रोलमध्ये ७२ छायाचित्रे बसतात. ऑलिंपसचा तरुण अभियंता माइतानी योशिहिसा याने ६,००० येनांत विकता येईल असा कॅमेरा करायचे ठरवून, पैसा आधी लेन्सवर घालून बाकी सगळे साधे ठेवले, आणि १९५९ साली पहिला पेन बाजारात आला. पुढच्याच वर्षी आलेल्या पेन एसमध्ये ३० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स आणि १/८ ते १/२५० सेकंदांचे शटर आहे. बॅटरी नाही, उजेड मोजणारे लाइट मीटर नाही आणि फोकसची मदतही नाही. समोरचा माणूस किती मीटरवर उभा आहे याचा अंदाज स्वतःच बांधून लेन्सवरचे कडे फिरवावे लागते. पाठीमागचे झाकण तळासकट पूर्ण निघून हातात येते, त्यामुळे समुद्राच्या वाऱ्यात रोल बदलताना ते दातांत धरण्याची वेळ माझ्यावर एकदा आली.

या कॅमेऱ्याचा खरा गुण मला बेटावर गेल्यावरच कळला. सुओ-ओशिमाला जाण्यासाठी सान्यो मार्गावरच्या ओबाताके स्थानकावर उतरून, १९७६ साली झालेल्या पुलावरून बसने पलीकडे जावे लागते. बेटावरच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत मिकान, म्हणजे आपल्या संत्र्याचे जपानी भावंड, पिकते. त्यातल्या कित्येक पायऱ्या आता बांबूने गिळल्या आहेत. अशा ठिकाणी मोठा कॅमेरा घेऊन गेले की माणूस नकळत ‘दृश्य’ शोधू लागतो : मावळता सूर्य, देवळाची कमान, सुरकुतलेला चेहरा. मियामोतो यांच्या छायाचित्रांत मात्र वाळत घातलेले कपडे असतात, दुकानांच्या पाट्या असतात, गवताच्या गंज्या असतात, आगगाडीच्या खिडकीतून दिसलेली शेते असतात. ती छायाचित्रे देखणी करण्याचा खटाटोप त्यांनी केलेला दिसत नाही. कपडे कोणत्या कापडाचे आहेत, दोरी कशाला बांधली आहे, एवढे त्यांतून समजते आणि त्यांना तेवढेच हवे होते. बहात्तर चौकटी हाताशी असल्या की हा मोकळेपणा आपल्यालाही येतो. रोल दोन हजार येनांच्या आसपास मिळतो, म्हणजे फिल्मचा खर्च चौकटीमागे अठ्ठावीस येन पडतो, आणि तेवढ्यात रिकाम्या क्रेटचाही फोटो काढायला हात आखडत नाही.

रिकाम्या क्रेटचे उदाहरण उगाच दिलेले नाही. डिसेंबरात एका शेडमध्ये ऐंशीच्या घरातल्या एक आजी मिकान निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातमोज्यांची बोटे कापलेली होती, कारण नुसत्या बोटांनी दाबून पाहिल्याशिवाय फळ आतून मऊ पडले आहे की नाही हे कळत नाही. भिंतीपाशी जुन्या लाकडी पेट्यांची उतरंड होती आणि प्रत्येक पेटीवर घराची खूण काळ्या रंगात छापलेली होती. मी त्या पेट्यांचे फोटो काढू लागलो तेव्हा आजींनी विचारले की रिकाम्या पेट्यांत काय आहे, भरलेल्या तिकडे आहेत. आत उजेड जेमतेम होता. लेन्स पूर्ण उघडून, १/८ सेकंदावर, कोपर एका पेटीवर टेकवून मी तीन चौकटी घेतल्या. त्यांतल्या दोन हलल्या. तिसरीत खूण स्वच्छ वाचता येते आणि मागे आजींचे फक्त हात आले आहेत.

फिल्म मी फुजीफिल्मची निओपॅन १०० अ‍ॅक्रॉस २ वापरली. २०१८ साली कंपनीने कृष्णधवल फिल्म बंद केली होती. ग्राहकांच्या आग्रहामुळे २०१९ मध्ये ती या नव्या रूपात परत आली. या जपानी फिल्मच्या डबीवर ‘ब्रिटनमध्ये तयार’ असे छापलेले असते, हेही लोपत चाललेल्या परंपरेचेच एक उदाहरण म्हणायला हवे. दाणा, म्हणजे छायाचित्रात दिसणारे फिल्मचे ठिपके, बारीक असल्यामुळे अर्ध्या चौकटीच्या इवल्याशा निगेटिव्हवर ती शोभते, आणि लाल रंगाला थोडी कमी संवेदनशील असल्याने मिकान किंचित गडद उतरतात. मात्र उजेडाची संवेदनशीलता (आयएसओ) शंभरच असल्याने जुन्या घरांच्या आत ती अपुरी पडते. चारशेची फिल्म घेतली तर उजेडाचा प्रश्न सुटतो, पण दाणा डोळ्यांवर येतो. मोठी प्रिंट हवी असणाऱ्याने या कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नये. कागद ए४ आकारापलीकडे गेला की दगडी बांधांवरचे शेवाळ आणि फिल्मचा दाणा यांत फरक करता येत नाही.

कॅमेरा सरळ धरला की चौकट उभी येते, याची सवय होण्यास मला दोन रोल लागले. दारात उभी असलेली माणसे आणि जानेवारीच्या मध्यावर तोंदो या नववर्षाच्या होळीसाठी उभारलेला बांबूंचा मनोरा या चौकटीत अगदी बेतल्यासारखे बसतात. पायऱ्यांच्या शेतांना मात्र कॅमेरा आडवाच करावा लागतो. स्कॅन करताना दोन चौकटी एकत्र घेतल्या तर शेजारी आलेली छायाचित्रे आपोआप एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या चौथ्या रोलमध्ये पेटलेल्या बांबूंच्या शेजारी बंद पडलेल्या शाळेचे, थांबलेले घड्याळ असलेले दर्शनी तोंड आले आहे; ही जोडी मी ठरवून केलेली नाही.

आता तक्रार. विक्रेत्याने चिठ्ठीवर शटर उत्तम असल्याचे लिहून दिले होते, पण पहिल्याच थंड सकाळी १/८ आणि १/१५ या गतींवर शटरची पाती अर्ध्यावर अडकू लागली आणि पहिल्या रोलमधल्या एकोणीस चौकटी पांढऱ्याफटक निघाल्या. जुने तेल पात्यांवर उतरणे हा साठ वर्षांच्या कॅमेऱ्याचा नेहमीचा आजार आहे. सफाईला आणखी नऊ हजार येन गेले. हे जोडूनही, २०२४ साली आलेल्या आणि ८८,००० येनांना मिळणाऱ्या पेंटॅक्स १७ या नव्या अर्ध्या चौकटीच्या कॅमेऱ्यापेक्षा तो खूपच स्वस्त पडतो. नव्यात लाइट मीटर आणि हमी आहे, ज्याला उजेडाचा अंदाज बांधण्याचा कंटाळा आहे त्याने तोच घ्यावा.

पेन एस घ्यायचा असेल तर दुकानात फिल्म न घालता शटर १/८ वर ठेवून निदान दहा वेळा दाबून पाहावे, झाकण काढून पाती मागून बघावीत आणि शक्य असेल तर खरेदीला थंडीच्या दिवसांत, सकाळी दुकान उघडताच जावे.