पीआरके करून आठ महिने झाले, माझा गोळ्या-ड्रॉप्सचा अनुभव

लेझरने चष्मा घालवलेल्यांचे रिव्ह्यू मी ऑपरेशनआधी ढिगाने वाचले होते, सगळ्यांचं एकच, दहा मिनिटांत झालं, दुसऱ्या दिवशी घड्याळ दिसलं वगैरे. बाकी चालू असलेल्या औषधांचं काय होतं हे कुणी लिहीतच नाही, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, माझ्या डोळ्यांचं जे झालं तेवढंच सांगतेय.

नंबर होता उजवा मायनस साडेपाच, डावा सव्वापाच. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जरा पातळ निघाला म्हणून लॅसिकऐवजी पीआरके सुचवलं, म्हणजे लॅसिकसारखा कॉर्नियाचा पापुद्रा (फ्लॅप) कापत नाहीत, वरची नाजूक साल काढून लेझर मारतात आणि ती साल परत यायची वाट बघायची. पहिल्या सेंटरला फॉर्मवर 'सध्या चालू औषधे' होतं, तिथे मी बिनधास्त 'काही नाही' लिहिलं आणि त्यांनीही पुढच्या आठवड्याची तारीख देऊन टाकली. खोटं नव्हतं बोलायचं मला, पण पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन २० एमजी रोज रात्री घेत होते ना, ती डोक्यात आलीच नाही, ती 'स्किनची' होती!

सेकंड ओपिनियनला गेले तिथल्या मॅडमनी मशीनला डोळा लावायच्या आधीच विचारलं, "ओठ इतके का फुटलेत, स्किनची कुठली गोळी चालू आहे का?" मी गार. मग त्यांनी समजावलं की ही गोळी चेहऱ्यावरचं तेल आटवते तसं पापण्यांच्या कडेला ज्या तेलाच्या ग्रंथी असतात त्यांचंही आटवते, तेल नसलं की अश्रू टिकत नाहीत, उडून जातात, आणि कोरड्या डोळ्यावर नवी साल नीट धरत नाही. अमेरिकेत या लेझर मशीनला परवानगी मिळाली तेव्हाच्या लेबलवरही आयसोट्रेटिनॉइन आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ते अमिओडेरोन, यातलं एकही चालू असेल तर करू नका असं होतं. गोळी बंद करून किती थांबायचं हे डॉक्टरनुसार बदलतं, मला सहा महिने थांबवलं. तेव्हा जाम वैतागले होते.

नोव्हेंबरमध्ये झालं. लेझरनंतर मायटोमायसिन नावाचं औषध, तेही ०.०२ टक्के, छोट्या स्पंजने काही सेकंद लावून धुऊन टाकलं, जखम भरताना पांढरट धुरकटपणा येऊ नये म्हणून. दुसरा-तिसरा दिवस मात्र... डोळ्यात मिरचीची फोडणी. आणि इथे पहिली भानगड. ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर करणारे जे थेंब घालतात ते घरी द्या म्हणून मी अक्षरशः रडले, मॅडमनी साफ नाही सांगितलं. ते सारखे घातले तर दुखणं जातं पण साल भरायची थांबते, पुढे कॉर्निया वितळण्यापर्यंत जाऊ शकतं. किटोरोलॅकचे थेंबसुद्धा मोजून दोन दिवस, कारण सूज-वेदना उतरवणारे हे थेंबही जास्त झाले तर भरणं लांबवतात. जखम झाकायला डोळ्यावर बसवलेली बँडेज लेन्स पाचव्या दिवशी काढली, साल बंद झाली होती. आई रोज "अगं गुलाबपाणी तरी घाल, थंड वाटेल" म्हणत होती, तिला आवरणं हे वेगळंच काम.

मग स्टिरॉइड ड्रॉप्स. पांढऱ्या दुधासारखी बाटली असते, ती जोरात हलवूनच घालायची नाहीतर औषध तळाला बसतं आणि तुम्ही नुसतं पाणी घालता, हे मला दहाव्या दिवशी कळलं. आणि दोन ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. चौथ्या आठवड्यात चेकअपला गेले तर डोळ्याचं प्रेशर २४, ऑपरेशनआधी १४ होतं. दुखत नव्हतं, दिसत छान होतं, मला कळायचा काही मार्गच नव्हता. काही लोकांचं स्टिरॉइडने प्रेशर चढतं, मी त्यातली. वर मॅडम म्हणाल्या लेझरनंतर कॉर्निया पातळ झालेला असतो म्हणून मशीन कमीच दाखवतं, खरं प्रेशर अजून जास्त असेल. स्टिरॉइड बदलून सौम्य दिलं, प्रेशर उतरवणारे टिमोलॉलचे थेंब सुरू केले (आधी दम्याचा त्रास आहे का ते तीनदा विचारलं, दमा असेल तर ते चालत नाहीत), तीन आठवड्यांत १५ वर आलं.

याच काळात मेडिकलवाल्याने एकदा माझा ड्रॉप नाही म्हणून "सेमच आहे ताई" करत दुसरी बाटली दिली होती, घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन. म्हणजे प्रेशर चढवणारं तगडं स्टिरॉइड, जे मला अजिबात नको होतं. परत केली. तो अजूनही माझ्यावर रुसलेला आहे.

फेब्रुवारीत सर्दी-शिंकांनी हैराण झाले, सिटिरिझिन घेतली आठवडाभर, त्यात काय विचारायचं? चौथ्या दिवसापासून स्क्रीनवरची अक्षरं फिस्कटायला लागली, सकाळी पापणी उघडताना चिकटल्यासारखी. मला वाटलं नंबर परत आला, रात्री झोप नाही. तपासलं तर नंबर शून्यच, डोळे ठणठणीत कोरडे. नाक कोरडं करणारी गोळी डोळा पण कोरडा करते, आणि लेझरने कॉर्नियाच्या नसा बोथट झालेल्या असतात त्यामुळे आधीच अश्रू कमी. गोळी बंद, नाकाचा स्प्रे दिला, दहा दिवसांत फरक.

अश्रूंचे ड्रॉप्स मी आधी साधे बाटलीतले दिवसातून आठ-दहा वेळा घालायचे, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हनेच चुरचुरत होतं म्हणे, आता एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या वापरते. महाग आहेत, महिन्याला आठशे-नऊशे जातात, पण चुरचुर गेली.

आत्ता दोन्ही डोळ्यांनी सहा बाय सहा. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती थोडं वलय दिसतं, एसीत दुपारनंतर रखरखतं, दिवसाला दोन कुप्या पुरतात. पिंपल्स परत आलेत थोडे, स्किनच्या डॉक्टरांनी तीच गोळी परत लिहून दिली होती, ती चिठ्ठी अजून पर्समध्ये घडी करून ठेवलीये, आधी मॅडमना दाखवणार.