पाडव्याची अमर्याद थाळी: जेवण झकास, आग्रहाला मात्र तयारीनं जा

गुढीपाडव्याच्या दुपारी पुण्या-मुंबईतल्या अनेक भोजनालयांत सणाची थाळी अमर्याद असते. श्रीखंड किंवा पुरणपोळी, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात, भजी, मठ्ठा. चवीबद्दल सहसा तक्रारीला जागा नसते. कस लागतो तो वाढप्यांचा आग्रह झेलताना.

वाढपी तुमचं तोंड बघत नाही, ताट बघतो. रिकामी वाटी म्हणजे त्याच्या लेखी "वाढा". वाटी चाटूनपुसून ठेवायची आणि वर "नको, नको" म्हणायचं, याला काही अर्थ नाही, ती भरणारच. श्रीखंडाचा चमचाभर घास वाटीत राहू द्या आणि अगदी शेवटी संपवा.

पहिली फेरी सर्वांत धोक्याची. नीट बसेपर्यंत सगळ्या वाट्या भरलेल्या असतात. दोन भाज्यांतली एकच हवी असेल तर दुसरीची वाटी आधीच उचलायला सांगावी, किंवा सरळ पालथी घालावी. ताटावर तळहात आडवा धरायचा तोही पळी यायच्या आत. उशीर झाला तर आमटी मनगटावर आलीच!

पोळीचं गणित वेगळं. पोळीवाल्याच्या पाठोपाठ तूपवाला येतो आणि पोळी ताटात टेकते न टेकते तोच धार सुटते. म्हणून "काका, अर्धीच वाढा, तूप वाटीत" हे एका दमात सांगावं. अर्धी पोळी मागण्यात कमीपणा नाही, उरलेली अर्धी शेजारच्या ताटात जाते. नुसतं "थोडीशी" म्हणाल तर अख्खी येते, कारण थोडीशी म्हणजे किती हे वाढपी ठरवतो.

श्रीखंड दिसायला हलकं, पण पारंपरिक प्रमाणात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते. पुरीला लावून खाल्लं तर एक वाटी पुरते. नुसतं चमच्याने खाल्लं तर दुसरी कधी संपली ते कळतही नाही.

जेवण एखाद्या नातेवाइकाकडून असेल तर वाढपी तुमचं ऐकत नाही, पैसे देणाऱ्याचं ऐकतो. मावशींनी "तिला अजून एक वाढा" म्हटलं की झालं. तिथे "नको" चालत नाही, "मावशी, भात झाल्यावर घेते" चालतं. मग भात आला की लगेच ताक मागून कालवायचा. ताकभात सुरू झाला म्हणजे जेवण आटोपत आलं, हे मोठ्यांनाही मान्य असतं आणि गोडाचा विषय आपोआप मागे पडतो.

या सेवेतली खरी खोट म्हणजे घाई. एक वाजता गेलात तर पुढची मंडळी खुर्चीमागे उभी असतात, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भराभर जेवणारा दोन पुऱ्या जास्तच खातो. बाराच्या आत जाणं बरं. अमर्याद थाळीतलं उरलेलं सहसा बांधून देत नाहीत, आणि पानात टाकलेलं कुणालाच रुचत नाही, तेव्हा जपायचं ते वाढून घेतानाच.

दोन पोळ्यांत आटपणाऱ्याला या थाळीचे पैसे वसूल होत नाहीत. त्याने मर्यादित थाळी आहे का विचारावं आणि गोडाची एक वाटी वरून घ्यावी.