हॅवलॉक की नील? दोन्हीकडे तीन-तीन रात्री राहून सांगते

अंदमानात रिसॉर्ट बुक करताना फोनवर सगळ्यात आधी एकच विचारा: तुमच्या समोरच्या समुद्रात ओहोटीच्या वेळी पोहण्याइतकं पाणी असतं का? एसी, नाश्ता, वायफाय हे सगळं नंतर. मी हा प्रश्न विचारला नाही आणि पहिल्याच दुपारी त्याची किंमत मोजली.

2025 च्या जानेवारीत आम्ही चौघं गेलो होतो. मी, हे, कॉलेजात शिकणारी लेक आणि 74 वर्षांच्या सासूबाई. मी बँकेत आहे, एलएफसीचा (बँकेकडून मिळणाऱ्या प्रवास सवलतीचा) ब्लॉक, म्हणजे ती वापरण्याची मुदत, संपत आली होती. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, त्यामुळे त्या चालतात, पण जिन्याच्या पायऱ्या आणि खडकाळ वाट त्यांना नको असते. लेकीला स्कूबा करायचंच होतं. मला सहा दिवस समुद्रासमोर नुसतं बसून राहायचं होतं. रत्नागिरीत राहणाऱ्या बाईला समुद्राचं काय अप्रूप, असं नात्यातल्या दोघी-तिघींनी विचारलंही. पण आमच्याकडे काळा समुद्र आहे, पांढरा समुद्र आहे, निळा नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, वर्षभर पाणी ढवळलेलं असतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसताहेत, हे मी पन्नाशीपर्यंत अनुभवलं नव्हतं.

एजंटाने दिलेल्या आराखड्यात हॅवलॉक बेटावर तीन रात्री आणि नील बेटावर येता-येता चार तास होते. "नीलला बघण्यासारखं फार नाही, अर्धा दिवस पुरतो," असं त्याचं म्हणणं. आम्ही हट्टाने दोन्हीकडे तीन-तीन रात्री घेतल्या, आणि तेवढ्या एका निर्णयासाठी मी आजही स्वतःला शाबासकी देते.

(डिसेंबर 2018 पासून हॅवलॉकचं सरकारी नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरही 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून जुनी नावं घेतात, म्हणून मीही तीच वापरते.)

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलमध्ये गेला. त्याबद्दल इथे थोडक्यात लिहून उरकण्यासारखं नाही. सावरकर तिथून सुटून शेवटी आमच्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते, 1924 ते 1937. तिथल्या, त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पतितपावन मंदिराच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या सासूबाई सावरकरांच्या कोठडीच्या दारात बराच वेळ गजांना धरून उभ्या होत्या. आम्ही त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी खासगी कॅटामरानने दीड तासात हॅवलॉक. समुद्र उघडा आहे, बोट चांगलीच हलते. ह्यांना बोट लागली, लेकीलाही थोडी लागली. सासूबाई मात्र खिडकीला डोकं टेकून शांत. त्यांनी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून निघून मुंबई-रत्नागिरी बोटीने प्रवास केलाय, पडावातून बंदरात उतरल्या आहेत. उलटीची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्या आणि शक्य तर मधल्या रांगेतल्या सीट मागा. पुढच्या सीटवरून देखावा चांगला दिसतो, पण दणकेही तिथेच जास्त बसतात.

आमचं रिसॉर्ट विजयनगरला होतं, ज्याला तिथे पाच नंबर बीच म्हणतात. हॅवलॉकची बरीचशी रिसॉर्टं ह्याच पूर्व किनाऱ्यावर, तीन आणि पाच नंबरला आहेत. फोटोत झोपडीवजा कॉटेज, नारळ आणि पायऱ्यांना लागलेलं निळं पाणी. आम्ही दुपारी तीनला पोहोचलो तर समोर पाणी नव्हतं. लांबवर मेलेल्या प्रवाळाचे राखाडी खडक, मधे मधे डबकी, त्यात खेकडे. समुद्र पार क्षितिजाकडे सरकलेला. लेकीचा चेहरा पडला. पौष शुद्ध चतुर्दशी होती, उधाणाचे दिवस. उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच मागेही हटतं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हाला माहीत असायला हवं होतं. घरी आम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, सासूबाईंना ते बोटांवर येतं. इथे त्यांचं गणित जुळेना, भरती आमच्यापेक्षा लवकर येत होती. शेवटी काउंटरवरच्या मुलाने भरती-ओहोटीचा छापील तक्ता दिला आणि पुढचे सहा दिवस आम्ही त्या कागदावर चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याच जागी पाणी नारळाच्या बुंध्याशी आलं होतं, काचेसारखं. फोटो खोटा नव्हता. तो सकाळचा होता.

हॅवलॉकची खरी पोहण्याची जागा राधानगर, सात नंबर, बेटाच्या पश्चिमेला. जेट्टीपासून साधारण 12 किलोमीटर. 2004 मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, 2020 मध्ये ब्लू फ्लॅगही (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला. अशा पदव्यांवर माझा फारसा विश्वास नसतो, पण इथे शंका उरली नाही. दोनेक किलोमीटरची वाळू, पिठासारखी बारीक, उन्हातही पाय न भाजणारी. मागे उंचच उंच समुद्री मोहाची झाडं, त्यांची सावली थेट किनाऱ्यावर. खाली प्रवाळाचे खडक नाहीत, त्यामुळे ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. लाटा मात्र आहेत, आणि मगरींबद्दलचा इशाराही लावलेला आहे. जीवरक्षक जिथपर्यंत सांगतील तिथपर्यंतच जा. जानेवारीत सूर्य सव्वापाचला बुडतो आणि लगेच शिट्ट्या वाजवून किनारा रिकामा करतात, म्हणून चार वाजता निघू असं म्हणू नका. दुपारी अडीचला तिथे पोहोचलेलं बरं.

गैरसोय अशी की राहायचं पूर्वेला आणि पोहायचं पश्चिमेला. राधानगरच्या बाजूला राहण्याचे पर्याय थोडे आहेत आणि त्यातले चांगले महाग. आम्ही स्कूटर भाड्याने घेतली, दिवसाला 500 रुपये, पण सासूबाईंसाठी प्रत्येक वेळी टॅक्सी. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मी इथेच बसते." ते वाक्य मला लागलं. सहल चौघांची होती.

लेकीसाठी मात्र हॅवलॉकला तोड नाही. स्कूबाची केंद्रं ओळीने आहेत, पोहता येत नसलं तरी चालतं. आधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात, उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतात, मग एकेका माणसाबरोबर एकेक प्रशिक्षक. ती दहा-बारा मीटर खाली जाऊन आली आणि वर आल्यावर पाच मिनिटं बोललीच नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: स्कूबा केल्यावर किमान 18 तास, शक्य तर पूर्ण दिवस, विमानात बसायचं नाही. म्हणून हॅवलॉक आधी आणि नील नंतर हाच क्रम बरा. एलिफंट बीचला आम्ही स्पीडबोटीने गेलो. मासे भरपूर, पण काठाजवळचं प्रवाळ बरंचसं मेलेलं, आणि जॅकेट घातलेल्या लोकांची रांग. परत जाणार नाही.

रात्री चमकणारं पाणी बघायला कयाकमधून नेतात. आम्ही पौर्णिमेला होतो, म्हणून ते दिसणं शक्यच नव्हतं, आणि चालवणाऱ्या मुलाने पैसे न घेता तसं स्पष्ट सांगितलं. ते बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा.

जेवण चांगलं मिळालं. पन्नास-साठच्या दशकांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने ह्या दोन्ही बेटांवर वसवलं, त्यामुळे बाजारातल्या खानावळीत मोहरीच्या तेलातला झणझणीत माशाचा रस्सा आणि भात. रिसॉर्टच्या बुफेपेक्षा शंभरपट चांगला. संक्रांत हॅवलॉकवरच आली. बॅगेतून नेलेला तिळगूळ सासूबाईंनी वाढणाऱ्या मुलांना दिला, तेव्हा एकाने वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी घरून पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाचं बंगाली पक्वान्न, घेऊन आला. बंगाल्यांचीही संक्रांत.

हॅवलॉकहून नील बोटीने तासाभराच्या आत. जेट्टीवर उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की सासूबाईंचं बेट हे आहे.

हॅवलॉक 92 चौरस किलोमीटरचं, नील जेमतेम 14. रिक्षाने कुठूनही कुठेही दहा-पंधरा मिनिटांत. जेट्टीवर पोहोचतानाच पाणी इतकं नितळ की बोटीच्या खालचे मासे मोजावेत. रस्ते सपाट, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, सुपारी, केळी, मधे तळी. अंदमानला भाजी पुरवणारं बेट आहे हे. गावांची नावं रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. सासूबाईंनी रिक्षावाल्याला शत्रुघ्नाचं गाव कुठे म्हणून विचारलं, तेव्हा तो बराच विचार करून म्हणाला, "माँजी, वो तो नहीं बसाया." त्या दिवसापासून तो आमचा कायमचा रिक्षावाला झाला.

इथलं रिसॉर्ट भरतपूरच्या अंगाला होतं. खोली साधी, फर्निचर जुनं, गरम पाणी यायला दहा मिनिटं, वायफाय नावापुरतं. हॅवलॉकला आम्ही रात्रीला साडेसात हजार दिले, इथे पाच. पण व्हरांडा जमिनीला लागून, एकही पायरी नाही, आणि तिथून वाळूपर्यंत चाळीस पावलं. मी मोजली. भरतपूरचा किनारा उथळ आणि शांत आहे, लाट अशी नाहीच. खाली प्रवाळाचे पट्टे आहेत, म्हणून वाळूचा तळ असलेली जागा विचारून घ्यायची आणि भरतीला जायचं. त्या दिवसांत भरती सकाळी अकराच्या आसपास होती. सासूबाई माझा हात धरून पाण्यात उतरल्या, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग खालीच बसल्या. साडीतच. वीस वर्षांत त्या समुद्रात उतरल्या नव्हत्या. घरासमोर भाट्याचा समुद्र असून. पुढचे दोन दिवस सकाळी दहापासून त्या व्हरांड्यात तयार होऊन बसत आणि तक्ता मागत.

नीलच्या उणिवाही सांगते. स्कूबा इथेही आहे, पण पर्याय कमी. संध्याकाळी सातनंतर बाजार मिटतो. एटीएमवर आणि फोनवरून पैसे भरण्यावर विसंबू नका, रोख ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्र दोन्ही बेटांवर आहे, पण गंभीर काही झालं तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं, आणि ते बोटीच्या वेळेवर. आम्ही सासूबाईंच्या डॉक्टरांना भेटून, औषधं दुप्पट घेऊन निघालो होतो. तरुण मुलांच्या घोळक्याला इथे तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल हेही मान्य.

लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. प्रवाळाच्या खडकाची कमान आहे, तिथे जायची वाट मेलेल्या प्रवाळावरून, निसरडी आणि टोकदार. चप्पल नको, पट्ट्याची सँडल हवी. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी जाऊच नये. सासूबाई अलीकडे शहाळंवाल्याकडे बसल्या. वाटेतल्या डबक्यांत गाइडने समुद्रकाकडी आणि तारामासा दाखवला. काही पर्यटक ते उचलून फोटो काढत होते, त्याचा मला फार संताप आला. शंख-प्रवाळ तर खिशात टाकायचंच नाही, तो गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

कोणी विचारलं तर मी असं सांगेन. हातात पाच रात्री असतील तर दोन हॅवलॉकला, तीन नीलला. नवीन लग्न झालेलं जोडपं असेल आणि खर्चाची तयारी असेल तर राधानगरच्या बाजूला राहा, नील दोन दिवस. घरात कोणी वयस्कर असेल तर उलट: मुक्काम नीलला हलवा आणि हॅवलॉक राधानगरच्या एका दुपारीपुरतं ठेवा. चार तासांत नील उरकणाऱ्या सहली घेऊ नका. त्या चार तासांत भरती येईलच असं नाही, आणि भरतीशिवाय नील बघितलं असं म्हणता येत नाही.

शेवटच्या रात्री संकष्टी होती. सासूबाईंचा उपास मोडायचा प्रश्न नव्हताच. दिवसभर केळी, शहाळी, उकडलेली रताळी. स्वयंपाकघरातल्या बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात कांदा-लसूण न घालता वरण-भात आणि भोपळ्याची भाजी केली. आम्हाला वाटलं साडेनऊपर्यंत थांबावं लागणार. पण सव्वाआठलाच नारळांच्या मागून चंद्र वर आला, पिवळा आणि मोठा. बेट इतकं पूर्वेला आहे की चंद्रोदय आमच्यापेक्षा सव्वा तास आधी. सासूबाईंनी हात जोडले, पानावर बसण्याआधी रत्नागिरीला आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला आणि म्हणाल्या, "अगं, माझा चंद्र उगवला. तू थांब अजून."