द ब्रिज ऑन द ड्रीना: पुस्तकाला पाच स्टार, छपाईला दोन

आधी तक्रार. पणजीत घेतलेलं हे इंग्लिश पेपरबॅक, अक्षर मुंगीएवढं, अर्ध्यावर पोचेस्तोवर पानं सुटायला लागली आणि नकाशा नाही, त्यामुळे जिथे गोष्ट घडते ते व्हिशेग्राद गाव बोस्नियात नेमकं कुठे ते मोबाईलवरच बघावं लागतं. बाकी लेखक इवो आंद्रिचबद्दल तक्रार करायची माझी काय टाप.

हिरो कोण, तर पूल. 1516 मध्ये एका सर्ब पोराला तुर्क उचलून नेतात, द्रिना नदी ओलांडायला तिथे एक मोडकी फेरीबोट असते आणि तिथे त्याच्या छातीत जी कळ उठते ती जन्मभर जात नाही, पुढे तोच पोरगा ऑटोमन साम्राज्याचा वजीर मेहमेद पाशा होतो आणि त्याच घाटावर अकरा कमानींचा दगडी पूल बांधून घेतो. 1986 साली आपला मांडवीचा पूल कोसळला आणि सगळी पणजी परत फेरीबोटीवर आली, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना ही सुरुवात लगेच भिडेल. पुलाच्या खांबात जुळी बाळं चिणल्याची दंतकथा पण आहे, लहानपणी आपल्याला पण असलंच सांगून घाबरवायचे ना!

तिसरं प्रकरण मात्र जेवताना वाचू नका. बांधकाम रात्री मोडणाऱ्या राडिसावला सुळावर देतात, आणि आंद्रिच एक इंचसुद्धा सोडत नाही. मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पण मला सगळ्यात आवडली ती पुराची रात्र, मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू सगळे एका घरात अडकलेत आणि म्हातारे जुन्या पुरांच्या गोष्टी सांगत बसलेत, कुणी भाषण ठोकत नाही. मधली काही प्रकरणं रेंगाळतात, विशेषतः शेवटाकडे विद्यार्थ्यांचे राजकारणावरचे वाद, ते मी भराभर उलटले.

आंद्रिच माणूस पण भारी. 1892 चा जन्म, बाप लवकर गेला म्हणून व्हिशेग्रादला आत्याकडे वाढला, म्हणजे हाच पूल डोळ्यासमोर. 1914 मध्ये साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्यावर तुरुंगात, नंतर राजदूत म्हणून बर्लिनला, आणि जर्मनांनी बेलग्रेड घेतल्यावर गप्प खोलीत बसून लिहीत राहिला, व्यापलेल्या देशात काही छापायला साफ नकार. 1945 ला एकदम तीन कादंबऱ्या बाहेर! 1961 चं नोबेल मिळालं तर पैसे बोस्नियातल्या लायब्रऱ्यांना देऊन टाकले.

चष्मा असेल तर ई-बुक घ्या, अक्षर मोठं करता येतं. कागदावरच हवं असेल तर जुनी हार्डबाऊंड प्रत शोधा, आणि पात्रांची नावं लक्षात राहत नसतील तर पहिल्या पानावर पेन्सिलीने यादी करत जा, आलीहोजा हे पात्र शेवटपर्यंत लागतं.